वाचकांचे प्रश्न : ‘पॅकेज ठीक आहे, पन येईन काय?’

कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीबद्दल विदर्भातल्या तालुक्यांतून आलेली निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत. पहिलं पत्र वऱ्हाडीत आलं, ते तसंच ठेवलं आहे.

प्रश्न : माह्या पोरीले बारावीत ७१ टक्के पडले, सीईटीबी दिली. कॉम्प्युटरले नंबर लागते म्हन्तेत. चार वर्षं शिकून तिले नेमकं काय येईन, हे कोनी सांगत नाही. ज्याले विचारलं तो पॅकेजच सांगते. पॅकेज ठीक आहे, पन येईन काय? अन् येते का नाही, हे माह्यासारख्या दहावी शिकलेल्या कास्तकारानं ओळखाचं कसं?
— एक पालक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, या पदवीचा हेतू थोडक्यात असा. गोंधळलेला व्यवहार समोर आला तर त्यातला नेमका प्रश्न वेगळा काढता यावा, त्याची माहिती कॉम्प्युटरमध्ये नीट बसवता यावी, तो सोडवणारा प्रोग्राम लिहिता यावा आणि प्रोग्राम बरोबर चालतो हे दाखवता यावं. जावा, पायथन ही त्यासाठीची साधनं. चार वर्षांत त्यातलं एखादं मागं पडलेलंही असेल. म्हणून ‘किती भाषा येतात’ हे विचारून काही कळत नाही. त्याऐवजी दरवर्षी एकेक प्रश्न विचारा. तुम्हाला समजेल असं उत्तर देणं हीच तिची परीक्षा.

पहिल्या वर्षी बराचसा वेळ गणित, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रिकल, ग्राफिक्स यांतच जातो. ‘कॉम्प्युटर शिकवतच नाहीत’ अशी तक्रार दिवाळीला घरी येईल, ती मनावर घेऊ नका. वर्ष संपताना मात्र कोऱ्या स्क्रीनवर, वहीत न पाहता, पन्नास-साठ ओळींचा प्रोग्राम लिहिता आला पाहिजे. तिला दूध डेअरीचा हिशेब सांगा : महिनाभराचं सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, दर आणि शेवटी बिल. लिहून झालं की विचारा, लिटरच्या जागी कोणी चुकून ‘पाच’ असं अक्षरात टाकलं तर? ‘तसं कोणी टाकणारच नाही’ असं उत्तर आलं तर अजून काम बाकी आहे.

दुसऱ्या वर्षाला सगळ्यात जास्त जपायचं. डेटा स्ट्रक्चर (माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती), डेटाबेस, डिस्क्रीट गणित हे विषय साधारण तेव्हाच येतात आणि पुढे मुलाखतीत प्रश्न बहुतेक इथलेच असतात. विचारा : दहा लाख नावांच्या यादीतून एक नाव काढायचं, किती नावं पाहावी लागतील? एकेक पाहत गेलं तर कदाचित दहा लाख. यादी अक्षरक्रमानं लावलेली असेल तर मधलं नाव पाहून अर्धी यादी सोडून देता येते आणि असं करत वीस तुलनांत नाव सापडतं. हे तिनं सांगितलं तर छान. यादी लावायलाही वेळ जातो, रोज नवी नावं येत असतील तर काय करायचं, असा उलट प्रश्न तिनंच तुम्हाला केला तर वर्ष सार्थकी लागलं असं समजा.

तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग. प्रश्न असा : तुमच्या खात्यात ५,००० रुपये आहेत. दर्यापूरच्या एटीएमवर तुम्ही आणि त्याच क्षणी अकोल्यात तिनं, दोघांनी ४,००० काढायला टाकले. बँकेचा कॉम्प्युटर दोघांनाही देईल का? ‘नाही देणार’ एवढ्यावर सोडू नका, का नाही ते विचारा. एकाचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत खात्याच्या नोंदीला कुलूप लागतं आणि व्यवहार अर्ध्यात तुटला तर तो पूर्ण मागे घेतला जातो, या वळणानं ती बोलली पाहिजे. चौथ्या वर्षी तिचा प्रोजेक्ट दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवायला सांगा आणि त्याला काय जमत नाही तेही विचारा.

पदवीत जे नसतं तेही सांगून ठेवतो. प्रिंटर दुरुस्ती, टॅली, सातबाऱ्याची प्रिंट काढणं, मोबाइल अनलॉक करणं हे तिथं शिकवत नाहीत. गावात मात्र कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरीकडे पहिलं काम हेच येतं, आणि तिला ते जमलं नाही की ‘चार वर्षं काय केलं?’ असं लोक म्हणतात. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर वापरायला शिकवणारा कोर्स आहे. त्याच्याशी या पदवीची तुलना करू नका.

कॉलेजनं पॅकेज सांगितलं तर सर्वात मोठा आकडा सोडून द्या. वर्गातल्या किती मुलांना नोकरी लागली, त्या सगळ्यांचे पगार चढत्या क्रमानं लावले तर बरोबर मधला पगार किती, आणि काम सॉफ्टवेअरचं आहे की फोनवर ग्राहकांशी बोलायचं, एवढं लेखी मागा. फीबद्दलही एक : कॅप (राज्याच्या केंद्रीय प्रवेश) फेरीतून व्यावसायिक पदवीला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेल्यास ते मिळत नाही. त्यासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज दरवर्षी करावा लागतो. दुसऱ्या वर्षी तो राहून जातो आणि मग कॉलेज पूर्ण फी मागतं.

प्रश्न : आमच्या प्रत्येक जर्नलच्या पहिल्या पानावर पीईओ, पीओ, पीएसओ, सीओ लिहायला लावतात. सर म्हणतात, एनबीएची टीम येणार आहे. आम्ही वेबसाइटवरून उतरवून काढतो. याचा विद्यार्थ्याला काही उपयोग असतो का?
— विद्यार्थी, दुसरं वर्ष, पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : असतो, पण उतरवून काढल्यानं होत नाही. चारही शब्द खालून वर वाचले तर लवकर कळतात.

सीओ (कोर्स आउटकम) म्हणजे एक विषय संपताना तुम्हाला काय करता आलं पाहिजे. एका विषयाला साधारण पाच-सहा असतात. पीओ (प्रोग्राम आउटकम) म्हणजे अख्खी पदवी संपताना कुठल्याही इंजिनीअरमध्ये काय असावं. हे कॉलेज ठरवत नाही, एनबीए, म्हणजे इंजिनीअरिंगच्या शाखांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, देते. बरीच वर्षं ते १२ होते : मूलभूत ज्ञान, समस्येचं विश्लेषण, रचना, शोधपूर्वक तपासणी, साधनांचा वापर, समाज, पर्यावरण, नीती, संघात काम, संवाद, प्रकल्प आणि पैशाचं व्यवस्थापन, आणि आयुष्यभर शिकत राहणं. सुधारित आराखड्यात समाज आणि पर्यावरण एकत्र करून ते ११ केले आहेत. तुमच्या जर्नलमध्ये १२ असतील तर कॉलेज जुन्या नमुन्यावर आहे, एवढाच त्याचा अर्थ. पीएसओ (प्रोग्राम स्पेसिफिक आउटकम) ही तुमच्या शाखेपुरती दोन ते चार विधानं. पीईओ (प्रोग्राम एज्युकेशनल ऑब्जेक्टिव्ह) सर्वात लांबचं : पदवीनंतर तीन ते पाच वर्षांनी माजी विद्यार्थी कुठं असावेत.

हा खटाटोप वॉशिंग्टन करारामुळे, ज्यात देश एकमेकांच्या इंजिनीअरिंग पदव्यांची मान्यता धरतात. भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला आणि इंजिनीअरिंगची मान्यता ‘काय शिकवलं’ यावरून ‘काय जमलं’ याकडे वळली. नॅक अख्ख्या संस्थेला तपासते, एनबीए एकेका शाखेला. त्यामुळे कॉलेजला नॅकची ‘ए’ श्रेणी असून कॉम्प्युटर शाखेला एनबीए नाही, असं सर्रास असतं.

गाडी अडते ती सीओ लिहिण्यात. ‘विद्यार्थ्याला लिंक्ड लिस्ट समजेल’ हे मोजता येत नाही. ‘दिलेल्या व्यवहारासाठी ॲरे, लिंक्ड लिस्ट आणि क्यू यांतली योग्य रचना निवडून, लागणाऱ्या वेळेसह कारण मांडता येईल’ हे मोजता येतं. क्रियापद कुठल्या पातळीचं आहे ते पाहायचं : आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती या ब्लूमच्या सहा पायऱ्या. सीओमध्ये ‘रचना करता येईल’ असं लिहिलेलं आणि पेपरात ‘व्याख्या लिहा’ असा प्रश्न, ही विसंगती फार ठिकाणी आढळते.

पुढचा हिशेब असा चालतो. एखादा प्रश्न १० गुणांचा, सीओ-२ ला जोडलेला, आणि लक्ष्य ६ गुणांचं धरू. ६० पैकी ४२ जणांना ६ किंवा जास्त मिळाले तर ७० टक्के झाले. कॉलेजनं ‘७० टक्क्यांना पातळी ३, ६० ला २, ५० ला १’ असं ठरवलं असेल तर सीओ-२ ची पातळी ३. मग कुठला सीओ कुठल्या पीओला किती जोडलेला हे दाखवणाऱ्या कोष्टकातल्या १, २, ३ या वजनानं ते आकडे पीओत जातात. कुठलाही सीओ प्रत्येक पीओला ३ नं जोडलेला दिसला तर कोणीतरी कोष्टक डोळे मिटून भरलं आहे.

तुमच्या कामाचा भाग एवढाच : सत्र सुरू होताना सीओ घ्या आणि प्रत्येकापुढे त्यावर येऊ शकणारा एक प्रश्न स्वतः लिहा. ज्या सीओपुढे प्रश्न सुचत नाही, तो धडा तुम्हाला कळलेला नाही किंवा सीओ तरी बेकार लिहिला आहे. दोन्हींत सरांना विचारण्यासारखं काहीतरी निघतं.

प्रश्न : बी.एस्सी. कॉम्प्युटर, बीसीए आणि इंजिनीअरिंग यांत काय घ्यावं? घरून चिखली जवळ आहे, तिथं बी.एस्सी. होते.
— विद्यार्थिनी, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : तिन्हींचा हेतू वेगळा आहे. बी.एस्सी. विषयाचं शास्त्र शिकवायला निघालेली, पुढे एम.एस्सी. किंवा एमसीए करणाऱ्यांसाठी बरी. बीसीएत सॉफ्टवेअर आणि व्यवसाय जास्त, गणित कमी. इंजिनीअरिंगमध्ये हार्डवेअर, नेटवर्क आणि गणित धरून सगळं थोडं थोडं आणि एक वर्ष जास्त. आपल्याकडे काही विद्यापीठं तिला बी.ई. म्हणतात, काही बी.टेक., नोकरीत दोन्ही सारखेच.

इंजिनीअरिंगला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच, ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) आणि सीईटीही. बीसीए २०२४ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या कक्षेत आली, तिला राज्याची वेगळी सीईटी आहे. ही तारीख न कळल्यानं गावाकडच्या मुलींचं वर्ष हुकतं. बी.एस्सी. करून दोन वर्षांचं एमसीए केलंत तर पाच वर्षांत इंजिनीअरच्या पंगतीला बसता येतं, खर्चही बहुधा कमी. घरून रोज जाऊन बी.एस्सी. आणि मग एमसीए मोठ्या गावात, हा मार्ग कमी प्रतीचा नाही. बी.एस्सी.ला गणित हा जोडविषय घ्या, तो सोडू नका.

प्रश्न : सॉफ्टवेअर बनवायला गणित कशाला लागतं? आमच्या वर्गात अर्धी मुलं एम-३ मध्ये (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) नापास आहेत.
— विद्यार्थी, कारंजा, जि. वाशिम

उत्तर : वेबसाइटवर बटण लावायला लागत नाही, हे खरं. पण पहिल्या पत्राच्या उत्तरातल्या, दहा लाख नावांच्या यादीतल्या वीस तुलना कुठून आल्या? दोनाचा विसावा घात १०,४८,५७६, म्हणजे दहा लाखांच्या जरा पुढे. हे लॉगरिदम झालं. दोन प्रोग्राम तुमच्या १०० नोंदींवर सारखेच पळतात. नोंदी लाखावर गेल्या की एक सेकंदात संपतो आणि दुसरा संध्याकाळपर्यंत चालू राहतो. कुठला कुठला, हे न चालवता ओळखायला गणितच लागतं.

कॉम्प्युटरला रोज लागणारं गणित मात्र एम-३ मधलं कमी आणि डिस्क्रीट मधलं जास्त आहे : तर्क, संच, संबंध, मोजणी, ग्राफ, इंडक्शन. एसीएम, आयईईई कॉम्प्युटर सोसायटी आणि एएएआय या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संघटनांनी मिळून केलेल्या ‘सीएस २०२३’ या अभ्यासक्रम आराखड्यात १७ ज्ञानक्षेत्रं आहेत, त्यांत गणित आणि संख्याशास्त्राचा पाया हे एक स्वतंत्र क्षेत्र. मशीन लर्निंगकडे जायचं असेल तर मॅट्रिक्स आणि संभाव्यता यांना सुट्टी नाही. लाप्लासची गणितं पाठ करून एम-३ सुटेल. डिस्क्रीट मात्र पाठ करून सोडवू नका.

प्रश्न : बारावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात इंग्रजी ऐकून डोकं बंद पडतं. जमेल का?
— विद्यार्थी, आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : जमेल. इथं लागणारं इंग्रजी बोलण्याचं कमी आणि वाचण्याचं जास्त, आणि शब्द तेच तेच येतात. सुरुवात एरर मेसेजपासून करा. प्रोग्राम चालला नाही की मुलं घाबरून अख्खा कोड पुन्हा टाइप करतात. तसं न करता फक्त पहिला एरर वाचा. खालचे वीस बहुतेकदा त्याच्यामुळेच आलेले असतात. त्यात ओळीचा क्रमांक असतो, ती ओळ आणि तिच्या वरची ओळ पाहा, कारण राहिलेला सेमीकोलन पुढच्या ओळीवर दिसतो. मेसेज वहीत जसाच्या तसा, पुढे मराठीत कारण आणि काय केल्यावर गेला ते, अशी नोंद ठेवा. एका सत्रात तीसेक मेसेज जमले की नवीन क्वचितच येतो.

संकल्पना मराठीत समजून घ्यायला लाजू नका, मात्र स्टॅक, क्यू, पॉइंटर हे शब्द तसेच ठेवा. व्हायवात (तोंडी परीक्षेत) छोटी वाक्यं बोला, फळ्यावर आकृती काढायची परवानगी मागा. आकृती बरोबर असली की व्याकरणाकडे कोणी पाहत नाही.

प्रश्न : आम्ही चौघं अंतिम वर्षाला. नागपुरात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, बहुतेक गट तेच आणतात. आम्हाला कापूस खरेदीवर स्वतः काहीतरी करायचं आहे. गाइड म्हणतात, ‘एवढं सोपं चालणार नाही, त्यात एआय टाका.’ काय करावं?
— विद्यार्थी, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : कापूस खरेदी घ्या. ती सोपी मुळीच नाही, आणि पदवीत जे जे शिकवलं ते सगळं तिच्यात निघतं. विकतच्या प्रोजेक्टची अडचण नीतीची आहेच, शिवाय व्हायवात ‘हे टेबल वेगळं का केलं?’ या एका प्रश्नावर तो कोसळतो.

कोड लिहिण्याआधी जिनिंगवर किंवा बाजार समितीत हंगामातल्या गर्दीच्या दिवशी थांबा आणि एका गाडीमागे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जा : नोंद, रांग, भरलेल्या गाडीचं वजन, प्रत पाहणं, ओलावा, भाव, रिकाम्या गाडीचं वजन, काटापट्टी, पैसे. प्रत्येक टप्प्यावर कोणता कागद तयार होतो त्याचा नमुना घ्या, नाव-नंबर झाकून. हे चार-पाच कागद हाच तुमच्या डेटाबेसचा कच्चा आराखडा.

पहिला फटका बसतो शेतकरी आणि शेत यांच्या नात्यावर. बहुतेक गट शेतकऱ्याच्या टेबलात ‘गट नंबर’ असा एक रकाना करतात. पण एका सातबाऱ्यावर भावाभावांची चार नावं असतात आणि एका कास्तकाराचे दोन गावांत तीन गट. दोन्हीकडून अनेक असं नातं एका रकान्यात बसत नाही; तिसरं टेबल लागतं, ज्यात खातेदार, गट आणि त्याचा हिस्सा असेल. गट नंबरही एकटा पुरत नाही, तोच नंबर शेजारच्या गावात असतो. गाव आणि गट मिळूनच शेत ओळखू येतं. नॉर्मलायझेशनच्या (माहिती योग्य टेबलांत वाटण्याच्या) धड्यातली ‘विद्यार्थी-विषय’ उदाहरणं वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते इथं एका दुपारी शिरतं.

दुसरं, आकडे. ‘४.५ क्विंटल’ म्हणजे ४ क्विंटल ५० किलो, पण काट्यावरचा माणूस ४ क्विंटल ५ किलोसाठीही ‘४.५’ लिहितो. ४५ किलोचा फरक. म्हणून क्विंटल आणि किलो दोन वेगळ्या खिडक्यांत घ्या किंवा सगळं किलोतच घ्या. क्षेत्राचंही तसंच : हेक्टर-आरमध्ये १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, कारण १०० आरांचा हेक्टर, दशांश चुकत नाही. एकर-गुंठ्यात मात्र २.२० म्हणजे अडीच एकर, कारण एकराचे गुंठे ४०.

पैसे कधीही फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्या अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात, ठेवू नका. १,३५,४८२.३७ रुपये साध्या फ्लोटमध्ये टाकले तर आत १,३५,४८२.३७५ राहतात, त्या आकाराच्या संख्यांना तिथं पैशापर्यंतची जागाच उरत नाही. डेसिमल प्रकार वापरा किंवा पैशांत पूर्णांक ठेवा. कॉलेजात अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर आणखी गंमत आहे. त्यातला इंट हा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच जातो, त्यामुळे ५ क्विंटल गुणिले ७,००० रुपये याचं उत्तर उणे ३०,५३६ येतं. जीसीसी हा आजचा कंपायलर वापरला की हा प्रश्न मिटतो, पण हे का झालं ते व्हायवाला सांगा. तुमचा पहिल्या वर्षाचा विषय तिथं वसूल होईल.

तिसरं, मराठी नावं. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘शेगाव’ दिसायला तीन अक्षरं, मोजायला पाच चिन्हं, जागा १५ बाइट. सीमध्ये १० ची कॅरॅक्टर ॲरे घेतलीत तर नाव शेजारच्या मेमरीवर सांडतं. कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या याद्या मिळाल्या तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या; त्या फक्त मराठी दिसतात, आत इंग्रजी अक्षरंच असतात, आणि शोध किंवा अक्षरक्रम लावताना सगळा घोळ होतो.

आता चाचणी, जिथं बहुतेक प्रोजेक्ट उघडे पडतात. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये त्या प्रमाणात कपात आणि १२ च्या वर माल परत, असा नियम धरा. मुलं १० टक्के टाकून ‘चाललं’ म्हणतात. चुका सीमेवर असतात. ७.९, ८, ८.१, १२, १२.१ असे पाचही आकडे टाका, मग शून्य, उणे आणि रिकामी जागा. प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहा, नंतर प्रोग्राम चालवा. उलट केलं तर जे उत्तर येईल तेच बरोबर वाटू लागतं.

टोकनची रांग म्हणजे क्यू. पण गाडी बंद पडली, नंबर आला आणि माणूस चहाला गेला, पावसाची चिन्हं दिसली म्हणून उघड्या बैलगाड्या आधी घ्यायच्या ठरल्या, की ती प्रायॉरिटी क्यू होते. गाइडना हे दाखवा. एआय टाकायचा आग्रह राहिला तर नम्रपणे विचारा, कशासाठी आणि कुठल्या डेटावर? शंभर फोटोंवर शिकवलेलं कापसाची प्रत ओळखणारं मॉडेल प्रदर्शनात टाळ्या घेतं आणि जिनिंगवर पहिल्या ढगाळ दुपारी फसतं.

चौघांत काम स्क्रीननिहाय वाटू नका. तसं केलं की डेटाबेस कोणाचाच राहत नाही. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) पहिल्या दिवसापासून वापरा. कोणी काय आणि कधी केलं याची नोंद परीक्षकापुढे तीच देते.

प्रश्न : लॅपटॉप कोणता घ्यावा? वीज दिवसातून चार-पाच तास नसते आणि बजेट कमी आहे.
— विद्यार्थी, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : एसएसडी आणि ८ जीबी रॅम एवढं पाहा, बाकी नावावर जाऊ नका; जमलं तर १६, कारण अँड्रॉइड स्टुडिओ ८ वर रडत-रडत चालतो. चांगल्या अवस्थेतला जुना लॅपटॉप घेऊन हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबी एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट टाकलं तर तीन वर्षं निघतात. मात्र बॅटरी दुकानातच तासभर चालवून पाहा, धारणीत तीच कामाची आहे. पहिल्या वर्षी लॅपटॉप नसला तरी मोबाइलवर टर्मक्ससारख्या ॲपमध्ये सी आणि पायथन दोन्ही चालतात, वेगळा कीबोर्ड लावा. भाषांची मॅन्युअलं कॉलेजच्या वायफायवर उतरवून ठेवा. गिटला रोज नेट लागत नाही; गावात कमिट करा आणि रेंजमध्ये आलात की पुश करा.

प्रश्न : एआय सांगितलं की दोन मिनिटांत कोड लिहून देतो. मग चार वर्षं घालवायची कशाला?
— विद्यार्थी, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : वरच्या वरोऱ्याच्या पत्रातलं एक काम एआयला देऊन पाहा : ‘कापूस खरेदीचं बिल काढणारा प्रोग्राम लिही.’ कोड सुबक येईल. मग त्यात पैसे कुठल्या प्रकारात ठेवलेत, बरोबर ८ टक्के ओलाव्याला कपात होते की नाही, एका गटाचे चार खातेदार बसतात का, हे तपासा. तुम्ही सांगितलं नाही तर यातलं काहीतरी राहिलेलं असतं. काय सांगायचं राहिलं हे ज्याला कळतं, त्याच्या हातात एआय कामाचा. पदवीतून मिळवायचं ते हेच, आणि कोड टाइप करण्याची किंमत घसरली तशी याची वाढली आहे.

धोका पहिल्या दोन वर्षांत आहे. तेव्हा असाइनमेंट एआयकडून करून घेतली तर चूक ओळखणारी नजर तयारच होत नाही. साधा नियम ठेवा : डेटा स्ट्रक्चर संपेपर्यंत एआयकडून कोड घ्यायचा नाही, आपला कोड त्याला दाखवून ‘कुठल्या इनपुटला हा मोडेल?’ एवढंच विचारायचं.

प्रश्न : पहिल्या वर्षाचा सी प्रोग्रामिंग आणि एम-१ राहिला. एटीकेटीनं दुसऱ्या वर्षात आलो. आधी कोणता काढू?
— विद्यार्थी, तुमसर, जि. भंडारा

उत्तर : परीक्षा दोन्हींची द्या, पण रोजचा वेळ आधी सीला द्या. तिसऱ्या सत्रातलं डेटा स्ट्रक्चर पॉइंटर आणि स्ट्रक्चरवर उभं आहे, अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्यावर. एम-१ राहिल्यानं पुढचं गणित जड जातं, पण डिस्क्रीटला त्यातलं कॅल्क्युलस लागत नाही. तो दिवाळीनंतर हातात घेतला तरी चालेल.

सीमध्ये नापास झालेल्यांच्या चुका ठरलेल्या असतात : स्कॅनएफमध्ये ॲम्परसँड विसरणं, इफमध्ये दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच टाकणं, फॉरच्या कंसानंतर लगेच सेमीकोलन, आणि १० घरांच्या ॲरेत शून्यापासून नऊपर्यंत न जाता दहापर्यंत जाणं. यातल्या बऱ्याच चुकांत प्रोग्राम कंपाइल होतो, म्हणून मुलांना चूक दिसत नाही. कंपाइल करताना वॉर्निंग चालू ठेवा. जीसीसीत ‘डॅश डब्ल्यू-ऑल’ लिहिलं की नेहमीच्या बऱ्याच वॉर्निंग दिसतात.

रोज एक छोटा प्रोग्राम घ्या, फार तर वीस ओळींचा. वहीत प्रत्येक व्हेरिएबलला एक उभा रकाना करा आणि ओळ चालली की किंमत बदला, शेवटपर्यंत. मग कॉम्प्युटरवर तोच चालवून मधल्या किमती प्रिंट करून ताडून पाहा. ज्या ओळीवर तुमची किंमत आणि त्याची किंमत वेगळी निघेल, तेवढी ओळ घेऊन दुसऱ्या दिवशी सरांकडे जा. ‘पॉइंटर समजत नाही’ असं म्हणालात तर ते अख्खा धडा पुन्हा वाचून दाखवतील.